तिसरं गाणं

टिन हेरन क्लबात गाणी लावायला वेगळा माणूस नव्हता. कोपऱ्यात ज्यूकबॉक्स होता. नाचणारीने स्टेजवर जायच्या आधी आपल्या हाताने त्यात डॉलर सरकवायचा आणि आपली तीन गाणी लावायची. पहिल्या गाण्यात अंगावर सगळं, दुसऱ्यात वरचं उतरायचं, तिसऱ्यात उरलंसुरलं. पोर्टलंडच्या उत्तरेला, पुलाखालच्या त्या भागात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दुपारी जेवायला येणारे ट्रकवाले तर तिसरं गाणं लागेपर्यंत ताटातून मान वर करत नसत.

व्हर्ना पेटिट तिथे दुपारची नाचायची. वय एकोणचाळीस, पण क्लबात तेहेतीस सांगायची आणि कुणी हुज्जत घालत नसे. गाणी निवडण्यात तिचा हात धरणारी दुसरी नव्हती. लोकांना वाटतं, या बायका आवडीची गाणी लावत असतील. आवडीचं गाणं घरी भांडी घासताना ऐकावं. स्टेजवरचं गाणं मापून घ्यायचं असतं: किती मिनिटांचं, ठेका कुठे पडतो, खांबावरून उतरल्यावर श्वास घ्यायला उसंत मिळते की नाही. शब्दांचा उपयोग घड्याळासारखा. दुसरं कडवं आलं की पाठीचा हूक, एवढंच. आणि जिचं गाणं तिचं. दुसरीने ते लावलं तर कपडे बदलायच्या खोलीत झिंज्या उपटण्यापर्यंत मजल जायची.

व्हर्नाचं तिसरं गाणं नऊ वर्षं एकच होतं. कुणा विस्मरणात गेलेल्या गायकाचं, संथ, जाडसर आवाजाचं. त्याच्या ध्रुपदात "मागे झुक, केस सोड" असं यायचं. तेवढं मात्र तिने ऐकलं होतं, कारण ते कामाचं होतं. त्या ओळीला ती स्टेजच्या कडेशी उताणी व्हायची आणि आपले लांब तांबूस केस कठड्याबाहेर सोडून द्यायची. समोर बसलेल्याचा घास हातातच राहायचा.

समोर बसलेला, निदान मंगळवारी, ऑरिन लिंडग्रेन असायचा. पंच्याहत्तरीचा. जन्मभर उघडमिटीच्या पुलावर नोकरी केलेली, बोटी आल्या की पूल उचलायचा आणि गेल्या की खाली ठेवायचा. आठ वर्षं दर मंगळवारी तो त्याच खुर्चीत बसून स्टेक खायचा, प्रत्येक गाण्याला कठड्यावर एकेक डॉलर ठेवायचा आणि मुकाट घरी जायचा.

मागच्या उन्हाळ्यापासून मात्र तो बिघडला. पहिली दोन गाणी बसायचा. तिसरं सुरू झालं, की टोपी उचलून मागच्या अंगणात चालता व्हायचा. गाणं संपलं की परत.

मागच्या वसंतात व्हर्नाचं गर्भाशय काढलं होतं. ओटीपोटावर वीतभर आडवा व्रण राहिला. तिसऱ्या गाण्यात तो दिसायचा. आता यात आणखी काय जुळवायचं राहिलं?

तिने व्रणावर पावडर थापली. लाल दिव्याखाली नाचून पाहिलं. कमरेला लेसची पट्टी बांधली, ती दोनदा सुटली. ऑरिन उठायचाच. सेलमला तिच्या बहिणीची लाँड्री होती, तिथे नाताळनंतर कामाला जायचं तिने मनाशी ठरवलं. बाकीच्या गिऱ्हाइकांचं तिला काही नव्हतं, ती येतात आणि जातात. पण आठ वर्षं पाहणारा माणूस नेमका त्या क्षणी तोंड फिरवतो, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. गाणं बदलून पाहावं असं तिच्या एकदाही मनात आलं नाही. गाण्यात काय खोट होती? ठेका तर घट्ट होता.

ऑक्टोबरात मालकाने कराओकेचं यंत्र आणलं, बुधवारी गिऱ्हाइकांनी गावं म्हणून. बारवरच्या मार्लिसने सकाळीच ते चालू करून पाहिलं.

"अगं, तुझं तिसरं आहे बघ यात!" ती ओरडली. "नऊ वर्षं ऐकून ऐकून पाठ झालंय मला मेलं."

तिने ते लावलं. टीव्हीवर शब्द उमटत गेले. व्हर्ना बारपाशी बसून तळलेले बटाटे खात होती, अंगात स्वेटर होता आणि पायात सपाता. कपडे घालून ते गाणं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

गाण्यात एक माणूस स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी आपल्या आजारी बायकोचे केस धूत होता. पाणी कोमट आहे ना, असं विचारत होता. केस त्याच्या हातात येत होते आणि तो ते तिच्या नकळत खिशात घालत होता. "मागे झुक, केस सोड, अजून थोडेच दिवस."

मार्लिस गाता गाता थांबली.

"हे असलं आहे?" ती म्हणाली. "आणि तू यावर चड्डी काढतेस?"

"गप गं," व्हर्ना म्हणाली. मग तिने विचारलं, "ऑरिनची बायको कशाने गेली गं?"

"कॅन्सरने. मागच्याच वसंतात. का?"

व्हर्नाने बटाट्यांची बशी पुढे सारली. तिला स्वतःची लाज वाटली. वर्षभर ती त्या माणसाला हेच गाणं ऐकवत होती.

पुढच्या मंगळवारी तिने तिसरं गाणं बदललं. असंच काहीतरी धांगडधिंग्याचं लावलं. ते सुरू होताच ऑरिन सवयीने टोपी उचलून बाहेर निघाला आणि दारातूनच परत फिरला. खुर्चीत बसला, पण स्टेककडे बघेना आणि तिच्याकडेही बघेना.

खेप संपल्यावर ती झगा गुंडाळून त्याच्याशेजारी येऊन बसली.

"गाणं बदललंस, पोरी?" त्याने विचारलं.

"मला शब्द कळले, ऑरिन. उशिरा कळले. तुम्हाला त्रास होत होता, म्हणून बदललं."

"त्रास?" तो म्हणाला. "अगं, मी त्या गाण्यासाठीच येतो. मागच्या दाराच्या वर तो फुटका स्पीकर आहे ना, त्याच्याखाली उभा राहून ऐकतो."

"घरी नाही ऐकत?"

"घरी कसं ऐकणार? घर गप्प असतं. इथे बश्या वाजतात, कुणीतरी जुगाराच्या यंत्राला शिव्या घालत असतं. तेवढ्यात भागतं." त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली. "आठ वर्षं मीही शब्द ऐकले नव्हते. तुझ्याकडे बघत होतो. मग मागच्या वर्षी हिचे केस धुतले, सिंकमध्येच. त्यानंतर इथे आलो तर हे गाणं लागलं. तू समोर अशी आणि ही डोळ्यांपुढे तशी. एकदम दोघींना कसं बघू? म्हणून बाहेर जातो."

तरी व्हर्नाला विचारल्याशिवाय राहवेना.

"मला वाटलं, माझ्या टाक्यांमुळे उठता."

"कसले टाके?" ऑरिन म्हणाला.

तासाभराने तिची पुढची खेप आली. तिने ज्यूकबॉक्सात डॉलर सरकवला आणि तिसऱ्या जागी जुनं गाणं लावलं. ते सुरू झालं. ऑरिनने कठड्यावर डॉलर ठेवला, टोपी घेतली आणि तो मागच्या दाराने बाहेर गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती.

ध्रुपद आलं तशी ती कडेशी आडवी झाली. केस झटकले मात्र नाहीत. न्हाणाऱ्या बाईने मान टेकावी तशी तिने मान हळूच मागे टेकली आणि ओळ संपेपर्यंत तशीच ठेवली. समोरच्या दोघा ट्रकवाल्यांना वाटलं, बाईने काही नवीन बसवलंय. त्यांनी एकेक डॉलर पुढे केला.