सरळ रेषेची बादली

बीजगणित पुस्तकात नसतं, आयुष्यात असतं, हे मला अंधेरीच्या एका एसी हॉलमध्ये तीन दिवस बसवून शिकवण्यात आलं. तोपर्यंत एकोणीस वर्षं मी ते चारकोपच्या एका मराठी शाळेत फळ्यावरच शिकवत होते. केवढं हे पाप! शिकवायला आलेले तज्ज्ञ कधी बेचाळीस मुलांच्या वर्गात उभे राहिले असतील असं त्यांच्या चकचकीत बुटांकडे बघून वाटत नव्हतं, पण बोलायचे झकास. "मुलांना एक्स शोधू द्या, तुम्ही सांगू नका," ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या, समोसे खाल्ले आणि प्रमाणपत्रं घेऊन घरी आलो. माझं अजून गादीखाली आहे.

पाठोपाठ परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेने नववीसाठी बीजगणिताचा एक कृतियुक्त उपक्रम करावा, फोटो काढावेत, फाइल करावी. फाइल बघायला साहेब येणार सोमवारी. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, परिपत्रकातला 'फोटो' हा शब्द बरोबर ओळखतात. बाकीच्या शब्दांशी त्यांचं फारसं येणंजाणं नाही.

मोठ्या बाईंचा जीव अडकलाय शाळेच्या फाटकावरच्या फलकात. दहावीचा निकाल शंभर टक्के. हे शंभर टक्के कसे लागतात ते सांगते. जे मूल दहावीत आपटेल असं वाटतं, त्याच्या पालकांना नववीतच प्रेमाने बोलावून घेतात, दाखला हातात ठेवतात आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगतात. म्हणजे मुलाने परीक्षेला बाहेरून बसायचं. मग ते पास होवो, नापास होवो, आमच्या खात्यावर येत नाही. आमच्या शाळेत कुणी नापास होत नाही, कारण जे नापास होणार ते आमचे नसतातच.

त्या वर्षी या प्रेमाची मानकरी एकच होती. बाकी विषयांत बरी, बीजगणितात मात्र वाट लागलेली. सहामाहीच्या पेपरात एक्सची किंमत विचारली तेव्हा तिने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'माहीत नाही'. एवढं प्रामाणिक उत्तर मला एकोणीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं, आणि मी त्याला शून्य दिलं होतं. आता हिशेब सोपा होता. उपक्रमाच्या दहापैकी सहा मिळाले तर ती नववी पास, नाहीतर शनिवारी तिची आई येऊन दाखल्याच्या अर्जावर सही करणार. आई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला जायची. शनिवारची अर्धी सुट्टी तिने मागूनही ठेवली होती.

उपक्रम मीच शोधला. नळाखाली बादली ठेवायची, दर मिनिटाला पट्टीने पाण्याची उंची मोजायची, आलेख काढायचा. सरळ रेषा येणार, मुलं बीजगणित जगणार. मंगळवारी आम्ही शाळेच्या आवारात बादली ठेवली, नळ सोडला, मुलं भोवती उभी राहिली, शिपाईमामांनी फोटो काढला. लगेच मोठ्या बाई खिडकीतून ओरडल्या, "पाणी वाया चाललंय, बंद करा!" झाला उपक्रम. उरलेलं घरी करून आणा म्हणून मी फळ्यावर नमुना तक्ता लिहून दिला. पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस. हे आकडे मी कुठून आणले? स्टाफरूममध्ये चहा पिता पिता, डोक्यातून.

गुरुवारी बेचाळीस आलेख आले. एक्केचाळीस जणांच्या घरी, पाणी कुठल्याही मजल्यावर येवो, बादली दर मिनिटाला पाच सेंटिमीटरच भरली होती. बेचाळिसावा तिचा. सहा, अकरा, पंधरा, एकोणीस, बावीस. रेषा आधी तरतर वर गेलेली आणि मग दमून वाकलेली. मी तिला तीन गुण दिले आणि लाल पेनाने शेरा मारला, 'निरीक्षण काळजीपूर्वक करावे.' हो, मीच.

मधल्या सुट्टीत ती कागद घेऊन आली.

"टीचर, मी दोनदा मोजलं. खरंच."

"मग सरळ का नाही आली?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्याकडे वर्षभर बघत होते. "टीचर, बादली खाली निमुळती असते ना. खाली पटकन भरते, वर रुंद होते तर वेळ लावते. सकाळी मीच भरते ना पाणी, पाच बादल्या."

संध्याकाळी घरी मी बादली नळाखाली ठेवली आणि मोबाइलवर मिनिटं लावली. "अगं, आंघोळ करतेस की शेती?" नवरा बाहेरून विचारत होता. बीजगणिताचा पहिला प्रयोग मी असा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, बाथरूममध्ये केला. रेषा वाकली. नळ बंद करून मी तिथेच ओल्या लादीवर बसले. मला मनापासून लाज वाटली.

शुक्रवारी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे एक्केचाळीस चूक आणि ती एकटी बरोबर?"

"बेचाळीस चूक. मला धरून."

"हे बघ," त्या म्हणाल्या, "एक्केचाळीस सरळ आणि एक वाकडी दिसली की साहेब विचारणार. उत्तर तू देणार? तिला सांग, सरळ काढून दे. मग दे तुला हवे तेवढे गुण, मी दाखल्याचा अर्ज फाडते."

मी भांडले असते असं मला अजूनही वाटतं. पण भांडले नाही. त्या पोरीला बोलावलं आणि सांगितलं. तिने कंपासमधून पट्टी काढली, पाच, दहा, पंधरा लिहिलं आणि एका फटक्यात रेषा मारली. जुना कागद तिने चार घड्या घालून दप्तरात ठेवला. नव्या कागदाला मी नऊ दिले. दहा दिले की मोठ्या बाई कपाळाला आठ्या घालतात.

शनिवारी आई आली नाही, कंपनीत गेली. सोमवारी साहेब आले, फाइल चाळली, 'स्तुत्य उपक्रम, विद्यार्थ्यांनी स्वतः शोध घेतलेला दिसतो' असं लिहून चहा प्यायले. मंगळवारी मी आलेख परत वाटले. बाकीच्यांनी गुण बघून कागद दप्तरात कोंबले. ती मात्र उठून टेबलापाशी आली.

"टीचर, एक कशाचा कापला?"

सगळा वर्ग ऐकत होता. मी मान वर न करता म्हटलं, "अक्षराचा."