अक्रोडाचा खिमा

भिजवून, सुकवून बारीक केलेल्या अक्रोडाची चिमूट काकू कानाशी न्यायच्या आणि डोळे मिटून बोटांत चोळायच्या. मग म्हणायच्या, "बोलतोय." म्हणजे जमलं. कधी मान हलवायच्या, "गप्प बसलाय. जास्त बारीक झाला."

आता तुम्हीच सांगा, अक्रोड काय बोलतात का? पण इथे जपानमध्ये, ओजिमातल्या आमच्या बिल्डिंगमधली सगळी मराठी मंडळी हे कौतुकाने बघायची आणि मी कोपऱ्यात उभी राहून जळायचे. जळायचे म्हणजे जळायचेच, उगाच सभ्य शब्द कशाला शोधू?

त्या यायच्या आधी खिमा म्हटलं की माझं नाव निघायचं. महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही दहा-बारा घरं बिल्डिंगच्या हॉलमध्ये जमतो. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. माझं मटण-खिम्याचं पातेलं सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं. पुण्यातली नोकरी सोडून नवऱ्यामागे जपानला आले, त्यानंतर माझं म्हणून मिरवायला तेवढं एकच उरलं होतं.

मग आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये एका इंजिनियरची आई राहायला आली. साठी ओलांडलेली, ठेंगणी, घरातसुद्धा स्वेटर घालून वावरणारी. सगळे काकू म्हणायचे, मीही. पहिल्याच रविवारी त्यांनी अक्रोडाचा खिमा आणला. सुके शिताके मशरूम भिजवून त्यात चिरून घातलेले, वर मटार आणि कोथिंबीर. माझा नवरा साताऱ्याचा, कुठल्याही भाजीला पालापाचोळा म्हणणारा. त्याने तीनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "काकू, मटण कुठल्या दुकानातलं हो?"

"अरे, मी जन्मात मटण चाखलं नाही," काकू हसायला लागल्या. "आमच्या यांना डॉक्टरांनी बंद केलं होतं. ताटावर तोंड पाडून बसायचे. मग मी अक्रोड घेऊन बसले. दर वेळी करायचं आणि यांच्या तोंडाकडे बघायचं. एक दिवस तोंड खुललं, तेव्हा कळलं, जमलं."

माझं पातेलं त्या दिवशी अर्धं घरी परत आलं.

बरं, कृती विचारली तर लपवायच्याही नाहीत. सगळं सांगायच्या, वर "ये की, दाखवते" म्हणायच्या. लपवलं असतं तर निदान रागवायला काही कारण तरी मिळालं असतं. मी घरी करून बघितला. मिक्सरमध्ये अक्रोडाचा गोळा झाला. नवरा एक घास खाऊन म्हणाला, "चटणी छान झालीय."

रविवारी सकाळी वरून घरघर सुरू व्हायची. इथली वीज आपल्या मिक्सरला पुरत नाही, म्हणून आमच्या घरांत मिक्सरशेजारी एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर असतो. दोघं मिळून चांगलाच आवाज करतात. खरं सांगते, मला त्या आवाजाचा त्रास नव्हता. दुपारी हॉलमध्ये जे कौतुक व्हायचं त्याचा होता. एका सोमवारी मी बिल्डिंगच्या ऑफिसात गेले आणि तक्रार केली.

इथे तक्रार कोणी केली ते सांगत नाहीत, कोणाविरुद्ध तेही नाही. सगळ्यांसाठी म्हणून एक नम्र कागद लिफ्टमध्ये लागतो. दुसऱ्याच दिवशी लागला. संध्याकाळी दाराची बेल वाजली. बघते तर काकू, फोनमध्ये त्या कागदाचा फोटो काढून आणलेला.

"मुलगा कामावरून, कावासाकीहून यायला वेळ आहे. तुला येतं ना गं वाचता? कचऱ्याचं काही असेल तर माझ्याकडून चूक नको व्हायला."

मी वाचलं. माझीच तक्रार, माझ्याच तोंडाने, मराठी करून. रविवारी सकाळी यंत्राचा आवाज येतो, तरी सर्वांनी शेजाऱ्यांचा विचार करावा.

"अगं बाई, म्हणजे माझा मिक्सरच की!" त्यांनी कपाळाला हात लावला. "कोणाची झोपमोड केली मी?"

"ते सांगत नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "तू पाणी पी. घसा बसलाय तुझा."

मला वाटलं, चला, संपला खिमा. पुढच्या जमण्याच्या दिवशी वर अगदी सामसूम. मी ऐटीत पातेलं घेऊन गेले. काकू मागून डबा घेऊन आल्याच! मिक्सर बंद, म्हणून त्यांनी चिरायच्या फळीखाली, आवाज दबायला, टॉवेलची घडी घालून दोन तास सुरीने अक्रोड चिरले होते. आणि खिमा? काय सांगू! एकेक कण सुटा. "काकू, आज तर कहर केलात," हे माझाच नवरा. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मी चहाडी केली आणि त्यांचा खिमा आणखी चांगला झाला.

पण वाढताना त्यांची बोटं दिसली. सांधे लाल, सुजलेले. चमचा नीट धरता येत नव्हता. मी तो हातातून काढून घेतला. "द्या, मी वाढते." तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. नाही बोलले.

त्यानंतर दर वेळी सकाळी मी वर चिरायला जाऊ लागले. त्या चिमूट माझ्या कानाशी धरून विचारायच्या, "बोलतोय का?" मला काही ऐकू यायचं नाही. तरी मी हो म्हणायचे.

मार्चमध्ये मुलाचं काँट्रॅक्ट संपलं. निघायच्या आदल्या दिवशी काकू तो टॉवेल धुऊन, घडी करून घेऊन आल्या.

"ठेव. फळीखाली घाल. माझ्या मिक्सरचा आवाज खाली कोणाला जातो, एवढं मला कळत नव्हतं होय गं?"

माझे कान तापले. मी काहीतरी पुटपुटायला लागले, तर त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"असू दे. आमच्या जाऊबाईंच्या पुरणपोळीवर मी वीस वर्षं जळले. त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुझं निदान मला कळलं तरी."

एप्रिलच्या रविवारी मी टॉवेल पसरला. दोन तास चिरलं. चिमूट कानाशी नेली, डोळे मिटले. अगदी बारीक, कोरडं, खरखर. बोलला.

हॉलमध्ये हिगाशी-कसाई नावाच्या भागातून पाहुणं म्हणून आलेलं एक नवीन जोडपं होतं. त्यातल्या मुलीने एक घास घेतला आणि ती ओरडलीच, "बाप रे! हा कोणी केलाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवरासुद्धा, हातातला घास तसाच. हाच प्रश्न ऐकायला मी किती महिने टपून बसले होते.

"काकूंचा आहे," मी म्हणाले आणि तिला आणखी वाढलं.