कडेचा अंधार

नोव्हेंबरमधली संध्याकाळ, म्हणजे घड्याळात खरं तर अजून दुपारच… घरांच्या मागच्या अरुंद गल्लीत, ओल्या विटांच्या दोन भिंतींमध्ये एक मुलगा निश्चल उभा आहे. हात अंगापासून किंचित दूर धरलेले, बोटं पसरलेली, मान थोडी पुढे काढलेली. चेंडू त्याच्या उजव्या पायापासून हातभर अंतरावर, कचऱ्याच्या डब्याच्या चाकाला टेकून पडलेला आहे. मला तो स्वच्छ दिसतो आहे. त्याला दिसत नाही. "केतकी, बॉल कुठे गेला?" तो विचारतो, आणि मला वाटतं, हा माझी गंमत करतो आहे. मी हसत हसत चेंडू त्याच्या पायात ढकलते, आणि तत्क्षणी तो पुन्हा नेहमीचा चपळ, नाचरा इलियास होतो. भिंतीवर चेंडू आपटल्याचे आवाज पुन्हा सुरू होतात — धप्, धप्, धप् — आणि अंधार पडत राहतो.

मी सहा वर्षांची असताना आम्ही साताऱ्याहून इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला आलो. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या लाल विटांच्या घरांच्या रांगेत आमचं घर होतं, आणि आमच्या शेजारचं घर इलियासचं. त्याचे आईवडील अल्जिरियातल्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यातून आलेले. बशीर अंकल एका बेकरीत सकाळपासून दुपारपर्यंत काम करत. झोहरा आंटी घरीच शिवणकाम करत. एका हिवाळी वादळात दोन परसांमधल्या लाकडी कुंपणाची एक फळी उडून गेली आणि ती कुणीच पुन्हा बसवली नाही. त्या फटीतून आमचं बालपण ये-जा करत राहिलं. त्यांच्या स्वयंपाकघरात संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा मंद, गोडसर वास असे. रव्याची जाड भाकरी तव्यावर फुगत असे, आणि तिचा खरपूस वास आला की मला नकळत साताऱ्याची आठवण येई. आमच्याकडून गुळाची पोळी जायची, त्यांच्याकडून खजूर भरलेल्या मधाळ वड्या यायच्या. रेडिएटरवर वाळत घातलेल्या त्याच्या फुटबॉलच्या मोज्यांचा कुबट वाससुद्धा त्या दिवसांच्या स्मृतीत असा मिसळून गेला आहे, की तो वेगळा काढताच येत नाही.

तो मिडफिल्डर होता. लहानपणापासूनच. इतर मुलं चेंडूमागे घोळक्याने धावत, आणि हा मात्र मैदानाच्या मधोमध उभा राहून सारखी मान फिरवत असे — डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे, पुन्हा डावीकडे. चेंडू पायाशी येण्याआधीच कोण कुठे आहे हे त्याला पाठ झालेलं असायचं. मग तो न बघता पास द्यायचा, आणि तो पास जिथे पोहोचायचा तिथे कुणीतरी नेमकं धावत आलेलं असायचं. रविवारच्या सामन्यांना उभे असलेले बाप एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणत, "या पोराला पाठीला डोळे आहेत." एका मोठ्या क्लबच्या अकॅडमीचा माणूस त्याला बघायला आला तेव्हा तोही तेच म्हणाला. ही मान फिरवण्याची सवय शिकवून येत नाही, असं तो बशीर अंकलना समजावून सांगत होता. अंकल मान डोलावत ऐकत होते. पण त्यांचा चेहरा मला आनंदी वाटला नव्हता.

माझी आई डोळे तपासायची. साताऱ्यात तपासायची आणि इथेही, पुन्हा परीक्षा देऊन, बाजारपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात तेच काम करू लागली होती. त्या वर्षी ईदला आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. टेबलाभोवती दाटीवाटी होती, सगळे एकदम बोलत होते. इलियासने पाण्याचा ग्लास कोपराने उडवला. मग दुसरा. उठताना तो खुर्चीच्या कडेला अडखळला, आणि दारातून जाताना त्याचा खांदा चौकटीवर आपटला. सगळे हसले. "मैदानात हरीण आणि घरात हत्ती," बाबा म्हणाले. फक्त आई हसली नाही. तिने मिठाची वाटी उचलली, त्याच्याशी शाळेबद्दल बोलत बोलत ती हळूच त्याच्या गालापासून दूर, बाजूला धरली… आणि तिच्याकडे बघत असलेल्या त्या मुलाची नजर जराही हलली नाही. आईने वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता.

जेवणानंतर दोघी बायका भांडी आवरत होत्या. मी दाराशी बसून बदाम सोलत होते.

"झोहरा, इलियासचे डोळे एकदा नीट तपासून घेऊ या," आई म्हणाली.

"शाळेत तपासले. नंबर नाही त्याला. शेवटची ओळसुद्धा वाचतो."

"समोरचं नाही म्हणत मी. कडेचं म्हणते. आणि अंधारातलं."

झोहरा आंटींचा फडका ताटावरच थांबला. नळ तसाच वाहत होता. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांना मुलं हात धरून मशिदीत न्यायची. आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, त्या घरातले पुरुष सूर्य बुडायच्या आत घरी येतात. बशीरही येतो. का येतो, ते मी त्याला कधी विचारत नाही."

आईने पुढे होऊन नळ बंद केला.

"यावर औषध आहे?" आंटींनी विचारलं.

"नाही. अजून तरी नाही."

"मग तपासून त्याला काय मिळेल? आज तो खेळतो आहे. उद्या कळलं तर उद्यापासून खेळणार नाही." त्यांनी ताट पुसायला घेतलं. "त्याला खेळू दे. माझ्यासाठी एवढं कर."

आईने तो विषय पुढेही काढला, बशीर अंकलांजवळही. ते ऐकून घ्यायचे, आभार मानायचे आणि दार इतकं अलगद लावायचे की त्याचा आवाजही येत नसे. मूल त्यांचं होतं. मला तेव्हा सगळं समजलं नव्हतं. पण एखाद्या घरात गॅसचा बारीक वास यावा, कुठून येतो ते सापडू नये आणि तरी रोज त्या घरात राहावं लागावं, तसं काहीतरी आमच्या मनात येऊन राहिलं ते कायमचंच.

वर्षं भराभर गेली. इलियास अकॅडमीत गेला, मग सतराव्या वर्षी उत्तरेकडच्या एका क्लबने त्याला करारबद्ध केलं. निरोपाच्या दिवशी त्याची पिशवी बशीर अंकलांनी उचलली होती आणि झोहरा आंटी खिडकीच्या पडद्याआड उभ्या होत्या. त्याचे सामने टीव्हीवर दिसू लागले. आमच्या बैठकीच्या खोलीत गर्दी व्हायची. कांदेपोहे व्हायचे, बशीर अंकल सोफ्याच्या अगदी टोकाला बसायचे. आंटी मात्र कधीच यायच्या नाहीत. त्याच्या एकाही सामन्याला त्या मैदानावरही गेल्या नाहीत. "मला भीती वाटते, त्याला लागेल," एवढंच म्हणायच्या, आणि कुंपणाच्या फटीतून मला त्या परसातल्या पुदिन्याला पाणी घालताना दिसायच्या… पाऊस पडत असतानासुद्धा.

पडद्यावरचा तो देखणा होता. लाखो दिव्यांच्या उजेडात मैदान हिरवंगार झळाळत असायचं आणि त्याच्या मधोमध तो मान फिरवत उभा असायचा — आता आणखी वेगाने, आणखी वेळा. समालोचक त्याच्या त्या मान फिरवण्याची तारीफ करत. ती संथगतीत पुन्हा पुन्हा दाखवत. आई तेव्हा उठून आत जायची. मी एकदा तिच्यामागून गेले. ती ओट्याला टेकून उभी होती. "मान फिरवणं वाढलंय त्याचं," ती म्हणाली. "जेवढं कमी दिसतं तेवढी जास्त फिरवावी लागते."

मग अल्जिरियाच्या संघाकडून त्याला बोलावणं आलं. त्या दिवशी गल्लीत हिरवे-पांढरे झेंडे लागले, शेजारपाजारचे सगळे जमले, कुणी ढोलकी आणली. बशीर अंकल रडत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं, आणि ते रडणं थांबायला हवं होतं त्यानंतरही कितीतरी वेळ चालू राहिलं. इलियास दोन दिवसांसाठी घरी आला होता. मिठी मारायला पुढे आलेल्या माणसांकडे तो आधी नीट बघून घ्यायचा, मग हात पसरायचा. बागेतून आत येताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जुन्या मैत्रीने ठेवावा तसा. पायऱ्या संपल्यावर तो काढला.

जे व्हायचं ते एका शनिवारी झालं, भर दुपारी, स्वच्छ उन्हात. मी मैदानावर होते. त्याच्याच संघातला ओवेन नावाचा एक कोवळा खेळाडू उजवीकडून वेगाने धावत आला. चेंडू दोघांच्या मधे होता. इलियासने पूर्ण ताकदीने पाय घातला. त्याच्या लेखी तिथे दुसरं कुणीच नव्हतं. हाड मोडल्याचा आवाज वरच्या रांगांपर्यंत आला, आणि हजारो माणसांचं ते मैदान एकदम मुकं झालं. ओवेनला स्ट्रेचरवरून नेत असताना इलियास गुडघ्यांवर बसला होता आणि स्वतःच्या उजव्या बाजूला, त्या मोकळ्या हवेत, एकटक पाहत होता.

लोक म्हणाले, अपघात. खेळात असं होतं. ओवेननेही हॉस्पिटलमधून तसंच सांगितलं. पण सोमवारी सकाळी इलियास कुणालाही न कळवता वॉटफर्डला आला आणि थेट आईच्या दुकानात गेला. मी त्या दिवशी आईला तिचा डबा द्यायला गेले होते. त्याला पाहून मी दारातच थबकले.

"काकू," तो म्हणाला. लहानपणी मीच त्याला हा शब्द शिकवला होता. "जे तपासायचं ते सगळं तपासा."

आईने त्याला आतल्या काळोख्या खोलीत नेलं. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि बाजूला कुठेही प्रकाशाचा बारीक कण चमकला की हातातलं बटण दाबायचं, एवढीच ती तपासणी असते. दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेरच्या खुर्चीवर, चष्म्यांच्या चकचकीत रांगांसमोर बसले होते. सुरुवातीला बटणाचा आवाज आला… टक्. टक्. मग थांबला. यंत्र आत गुणगुणत होतं. मी वाट पाहत राहिले.

"काकू, मशीन सुरू आहे ना?" त्याचा आवाज आला.

"सुरू आहे," आई म्हणाली.

"दिवे लागतायत?"

"लागतायत, बाळा."

बटण पुन्हा वाजलं नाही.

बाहेर आल्यावर तो माझ्याशेजारी बसला. आईने त्याला मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागेल असं सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं, नजरेच्या कडेकडून आत सरकत येणाऱ्या अंधाराबद्दल सांगितलं. काही लपवलं नाही. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"शंका होती. तुझ्या आईला बोलले होते मी."

त्याने दोन्ही तळहात मांडीवर पालथे ठेवले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "मग ती माझ्या एकाही मॅचला का आली नाही, ते आज कळलं," तो म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

त्या आठवड्यात तो घरी गेला तेव्हा भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. ना आरडाओरडा, ना रडणं. संध्याकाळी मात्र मला ते तिघं परसात दिसले. तो पायरीवर बसला होता, झोहरा आंटी त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरून उभ्या होत्या आणि बशीर अंकल जरा अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून. काही दिवसांनी वैयक्तिक कारणांसाठी तो निवृत्त होत असल्याचं जाहीर झालं. अल्जिरियासाठी तो एकच सामना खेळला होता. ओवेन वर्षभराने पुन्हा मैदानात उतरला, पण पूर्वीसारखा धावू शकला नाही. आणि इलियास अजूनही दर महिन्याला त्याला फोन करतो. ते काय बोलतात, ते मी विचारलेलं नाही.

आता तो ब्रिस्टलला असतो. बायको सारा नर्स आहे, तो एका शाळेत मुलांना खेळ शिकवतो. आवाजावरून, पावलांवरून त्याला बरंच कळतं. समोरचा एक लहानसा गोल तेवढा अजून उजळ आहे. त्याची मुलगी लीना सहा वर्षांची. तिला फुटबॉल आवडत नाही, ती पोहते. आजार तिच्यात उतरला असेल किंवा नसेल. रक्त तपासून ते आजच कळू शकेल का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. कळू शकेल, असं उत्तर आलं, तरी दोघांनी मिळून ठरवलं की ती मोठी झाल्यावर हवं तर तिने स्वतः विचारावं. हे ऐकून मी मान हलवली होती. दुसरं काय करणार… मला ते बरोबरही वाटलं आणि त्याची भीतीही वाटली.

गेल्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले होते. सारा ड्यूटीवर होती, म्हणून लीनाला पोहायला घेऊन आम्ही दोघंच गेलो. क्लोरिनचा उग्र वास, काचेच्या छतातून पडणारा पांढराशुभ्र उजेड, मुलांचा कल्ला. गॅलरीत पालकांची गर्दी होती. तिथल्या चकाकीत इलियासला काहीच दिसत नाही. "कुठे आहे ती?" तो विचारत होता, आणि मी सांगत होते: दुसरी लेन, आता मध्यावर आली, आता पाय मारते आहे, आता पोहोचली. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि त्याच्या ओठांवर हसू होतं.

लीना पाण्याबाहेर आली. कुडकुडत काठावर उभी राहिली, गॉगल कपाळावर सरकवला आणि मान वर करून गॅलरीकडे पाहू लागली. तिची नजर आमच्यावरून गेली, पुढे गेली… थांबली, परत आली, आणि पुन्हा आमच्यावरून निघून गेली. गर्दी होती. उजेड डोळ्यांवर येत होता. कुठल्याही मुलाचं असं होऊ शकतं.

"आता काय करते आहे?" इलियासने विचारलं.

"आपल्याला शोधते आहे," मी म्हणाले.

त्याने हात उंच केला, आणि मी सांगेपर्यंत खाली घेतला नाही.