व्यस्त वर्ग आणि आमचे मामा

आमच्या मामांइतका किरणांना भिणारा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात दुसरा नाही, आणि शेजारच्या खालापुरात निघालाच तर तोही मामांचाच कुणी नातलग असेल. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: किरण सोडणाऱ्या, आणि अजून पकडल्या न गेलेल्या. पोशीरच्या घरात टीव्ही आतल्या खोलीत असतो आणि मामा तो अंगणात उभं राहून, खिडकीच्या गजांमधून बघतात. बातम्या देणारी बाई त्यांना अर्धीच दिसते. मामींनी मिक्सर सुरू केला की चटणी होईपर्यंत ते गोठ्यात जाऊन थांबतात. मोबाइल ही तर हात लांब करून, स्पीकर लावून, ओरडून बोलायची वस्तू. त्यामुळे त्यांच्या घरातली कुठलीही बातमी आम्हा नातेवाइकांच्या आधी गावाला कळते. एकदा गुडघ्याचा एक्स-रे काढायला मी त्यांना नेरळला नेलं, तर तिथल्या माणसाला ते अदबीने म्हणाले, "जरा लांबूनच काढा, आमाला घाई नाय."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण मग दोन बांध सोडून पलीकडच्या शेतात मोबाइलचा टॉवर उभा राहिला, आणि त्याच सुमारास प्राचीला, म्हणजे मामांच्या एकुलत्या एका मुलीला, दिवस गेले. प्राची कुंभिवलीला दिलेली. सासर चांगलं, पण घर हायवेला लागून. ट्रकच्या आवाजात तिला धड झोप लागत नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच होतं. मामींनी डिंक, खारीक आणून डबे भरले, आतली खोली रंगवून घेतली, आणि मामांनी ओटीवरून जाहीर केलं, "टॉवर हाय तवर पोर हितं येणार नाय." मामी रडल्या, भांडल्या, आणि शेवटी त्यांनी बोलणंच टाकलं. ताट वाढून पुढे सरकवायचं आणि आत निघून जायचं. प्राचीने मला फोन केला. "दादा, बाबांना मी नकोशी झालेय का रे?" म्हणाली. खरं तर मामांच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. ते ओटीवर बसून त्या टॉवरकडे अशा नजरेने बघत की मला टॉवरचीच दया येई.

मी कशेळ्याच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून समजूत घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेच्याच सुरात सांगितलं, "मामा, व्यस्त वर्गाचा नियम असतो. अंतर वाढलं की किरणांचा जोर झपाट्याने कमी होतो." मामांनी अगदी मन लावून मान डोलावली. पुढे काही दिवसांनी कशेळ्याच्या जीपमध्ये त्यांचे शेजारी भेटले आणि आपुलकीने विचारू लागले, "गुरुजी, तुमचा वर्ग लई व्यस्त असतो म्हनं? मामा सांगत हुते, पोरांच्या गडबडीत भाच्याला टॉवरचं बगाया येळ नाय." माझी मुलंही फळ्याकडे बघून अशीच मन लावून मान डोलावतात, हे आठवून मला घाम फुटला.

त्या रविवारी मी तिन्हीसांजेला पोशीरला गेलो. न्हाणीघराच्या उरलेल्या पांढऱ्या लाद्या मामांनी ओटीच्या भिंतीला बसवून घेतल्यात. पाहुण्यांना चपला काढाव्यात की अंघोळ करावी तेच कळत नाही. त्या लाद्या मला उपयोगी पडल्या. एका जुन्या लग्नपत्रिकेला चौकोनी भोक पाडून मी ते मोबाइलच्या टॉर्चपुढे धरलं आणि भिंतीपासून इतक्या अंतरावर उभा राहिलो की बरोबर एक लादी उजळली. मग तेवढाच आणखी मागे सरलो. आता चार लाद्या उजळल्या, पण फिक्या.

मामा भिंतीपाशी गेले. लाद्यांवर बोट ठेवून मोजल्या. "उजेड वाढवलास?"

"नाही. तेवढाच आहे. मघाशी एकीला मिळत होता, आता चौघींत वाटला गेला."

"म्हंजे एका भाकरीचं चार वाटे." ते माझ्याकडे वळले. "आनि आनखी तेवढाच मागं गेलास तर?"

"तुम्हीच जा."

आणि जन्मात पहिल्यांदा मामांनी चालू मोबाइल, पत्रिकेसकट, छातीशी धरला. ते मागे सरले; नऊ लाद्या. मग अंगणात उतरले, गोठ्यापर्यंत गेले, फाटकापर्यंत गेले, आणि तिथून ओरडले, "दिसतंय काय गं?" भिंतीपाशी मामी उभ्या होत्या. बोलणं टाकलंय हे विसरून त्याही ओरडल्या, "काय नाय दिसत."

मामा परत आले ते दम लागलेले. टॉवर टॉर्चपेक्षा कितीतरी दांडगा, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. पण वाटणीचा नियम त्यालाही तोच, आणि दोन बांधांपलीकडच्या टॉवरपेक्षा कानाला लावलेला फोन आपल्याला जास्त किरण देतो, तरी घरोघरी माणसं बोलताहेत, हेही सांगितलं. मामा लादीवर हात फिरवत म्हणाले, "वर्ग म्हंजे ही चौकोनी लादी व्हय. मी शाळेतला समजलो." मग त्यांनी हात लांब करून फोन लावला आणि सगळ्या पोशीरला ऐकू जाईल असं सांगितलं, "प्राची, ये गं बाय. उंद्याच ये." मामी पायरीवर मटकन बसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "चार लाद्यांपायी माज्या जिवाला घोर लावला या मानसानं." मलाही इतकं हलकं वाटलं की त्या रात्री मी तीन वेळा भात मागून घेतला.

प्राची आली, सुखरूप सुटली, मुलगी झाली. आपल्या आवाजाने बाळ दचकतं म्हणून मामांनी नियम स्वतःलाच लावून घेतला आणि खुर्ची फाटकाशी नेली. पण ती खुर्ची रोज थोडी थोडी आत सरकत होती. बाळ हसायला लागलं तोवर ती पाळण्याशी पोचली होती, आणि मामा चक्क कुजबुजायला शिकले होते.

मग प्राची कुंभिवलीला परत गेली. परवा मी सहज पोशीरला गेलो, तर मामा ओटीवर डोळे मिटून बसलेले, आणि मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी घट्ट दाबून धरलेला. पलीकडून नात काहीतरी हुंकारत होती. मी म्हटलं, "मामा, किरण."

त्यांनी हातानेच मला गप्प केलं. "लांबून आयकू येत नाय रं," ते हळूच म्हणाले. "तूच शिकिवलंस ना."