तेल घर लई जा

"तेल घर लई जा. हात आठे ठेव."

दवाखान्यात कोणी तेलाची बाटली घेऊन शिरलं की आप्पा मान वर न करता आपला तळवा पुढे करून एवढंच म्हणत. आणि बाटली तर प्रत्येकाकडे असे. हातपाय हलवून देणारा माणूस म्हणजे मालिशवाला, अशी तळोद्याच्या बाजारापासून वरच्या पाड्यांपर्यंत सगळ्यांची समजूत. महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. माझ्या आईला लकवा मारला तेव्हा आम्हीही मोहाचं तेल घेऊनच गेलो होतो.

व्यायाम ठरवून देणाऱ्या बाई बाहेरगावच्या. अधूनमधून येत, रोग्यांना बघत, आप्पांना समजावून देत आणि जात. मधले सगळे दिवस आप्पांचे. तेच हात उचलायचे, तेच पाय वाकवायचे, तीच रड ऐकायची. तुम्हीही असा माणूस कुठेतरी पाहिला असेल, आणि त्याचं नेमकं काम काय हे तुम्हालाही कळलं नसेल. कुणी 'डॉक्टर' म्हटलं तर आप्पा वैतागत आणि डॉक्टरांच्या खोलीकडे बोट दाखवत. "बाई सांगतस तेच करस मी. डॉक्टर तठे शेतस."

आईचा उजवा हात गेला होता. तिला एकच हवं होतं, आपल्या हाताने जेवायचं. सून भरवायला बसली की ती तोंड भिंतीकडे करी. ते बघवत नसे, म्हणून शाळा सुटल्यावरही मी वर्गात वह्या तपासत बसे.

आप्पांनी घरी काम दिलं होतं. भुईमुगाच्या शेंगा उजव्या हाताने फोडायच्या. पण बोटं काही हलेनात. एका संध्याकाळी ते दमलेभागले थेट आमच्या ओट्यावर आले. बघतात तर शेंगांची टोपली माझ्या बायकोच्या मांडीवर, आणि आई शेजारी नुसती बसलेली.

"आप्पा, गल्लीन्या बाया नावं ठेवतस," बायको रडवेली झाली. "लकवा मारेल सासूले कामले लावस म्हनतस."

"पोरी, तुन्ही सेवा मायना हात खाई ऱ्हायनी."

त्यांनी टोपली आईपुढे सरकवली आणि ओट्यावरच बसकण मारली. गल्लीतली कुणी बाई दिसली की ओरडत, "फोड माय! दवाखानानं औषध शे हाई!" आईला एक शेंग फोडायला युगं लागत. आप्पा पेंगत, पण उठत नसत. असे ते कितीतरी संध्याकाळी आले. हळूहळू गल्लीची तोंडं बंद झाली.

पुढच्या उन्हाळ्यात आईने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडाशी नेला. निम्मं लुगड्यावर सांडलं. बायको पुसायला धावली. "सांडू दे," आप्पा म्हणाले आणि चहा मागितला. मला मात्र रडू आवरेना.

काही वर्षांनी आप्पांनाच लकवा झाला. आई हट्टाने माझ्याबरोबर त्यांच्या गावी, म्हसावदला आली. त्यांची सून दंडाला तेल चोळत होती.

"आते तेलच बरं, माय," आप्पा म्हणाले. "लोकेसना हात उचली उचली थकी गऊ."

आईने वाकड्या बोटांनी तेलाची वाटी दूर सारली आणि तळवा पुढे केला. "तेल ऱ्हाऊ दे. हात आठे ठेव."

आप्पांनी डाव्या हाताने उजवा उचलून तिच्या तळव्यावर ठेवला. ती वाट बघत राहिली. तो हात हलला नाही.

पुन्हा म्हसावदला गेलो ते त्यांच्या तेराव्यालाच. पंगतीत आई उजव्या हाताने जेवली. वरण लुगड्यावर ओघळलं. आप्पांची सून पुसायला वाकली, तर आई म्हणाली, "सांडू दे."