नाव टाकलं की माणूस सापडतो

किस्से आमच्या घरी आपोआप साचतात. हिंदी मुलखात, नदीकाठच्या भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत दोन खोल्या. पुढे यांचा कॉम्प्युटरचा क्लास, मागे माझा स्वयंपाक, मधे नुसता पडदा. मी सातवी शिकलेली, पण पोळ्या लाटताना कान तिकडेच. पायाशी मुक्ता. अडीच वर्षांची झाली, अजून एक शब्द बोललेली नाही. शेजारच्या भाभी म्हणतात, घरात मराठी, गल्लीत हिंदी, पोरगी गोंधळलीय. एक भाषा बंद करा. कुठली करू? या काळजीनं माझा जीव अर्धा झालाय.

*

यांनी गेट-पी-डब्ल्यू-नॅम नावाचं फंक्शन शिकवायला घेतलं. कॉम्प्युटरवर ज्यांची खाती आहेत, त्यांतलं एक नाव द्यायचं. ते त्या माणसाचा नंबर, त्याच्या फायलींचं घर, सगळं शोधून आणतं. सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "गाव विचारत नाही? आडनाव नाही? मग आपले घाटावरचे गुरुजीच बरे, गाव-आडनाव विचारून वहीतून सात पिढ्या काढून देतात."

*

क्लासातल्या पंकजनं एकामागून एक दोन नावं विचारली, आधी स्वतःचं, मग शेजारी बसणाऱ्या शालिनीचं, आणि मग दोन्ही उत्तरं छापली. दोन्हीकडे शालिनीच! हे म्हणाले, उत्तर ठेवायला त्याच्याकडे जागा एकच. दुसरं आलं की पहिलं गेलं. म्हणून पहिलं आधी आपल्याकडे उतरवून घ्यायचं.

मी चहा घेऊन गेले, तर पंकज ट्रेकडे वाकून बघतो, "भाभी, कप तो दो हैं न?"

*

शालिनीनं एकदा खातंच नसलेलं नाव टाकलं. फंक्शन रिकाम्या हातानं परत आलं, हिचा प्रोग्रॅम तसाच पुढे गेला आणि धाडकन बंद पडला. हातात काही आलंय का ते आधी बघायचं, हे म्हणाले. पोरगी रडवेली झाली. मला तिची दया आली. दुकानदार साखर नाही म्हणाला तरी मीसुद्धा पिशवी पुढे करतेच की!

तेव्हापासून नाव सापडलं नाही, तर स्क्रीनवर 'ऐसा कोई नहीं' असं लिहून येईल, अशी सोय सगळ्यांनी केली. आलं की पोरं ते मोठ्यानं वाचतात.

*

काल मुक्ताला मांडीवर घेऊन मी पडद्याशी बसले होते. यांना खातं नसलेलं नाव हवं होतं. "चला, मुक्ता टाकू," म्हणत यांनी टाकलंसुद्धा.

पोरांनी एका सुरात वाचलं, "ऐसा कोई नहीं."

मुक्ता मांडीवरून उतरली. कॉम्प्युटरपर्यंत चालत गेली, स्क्रीनवर हात ठेवला.

"आहे," म्हणाली.