वाशीमच्या जीपमधली माझी जागा

दातांच्या डॉक्टरला मी घाबरत नाही. फक्त त्याच्याकडे जावंसं वाटत नाही.

पण लेकीचं साक्षगंध परवावर आलं होतं आणि माझा डावा गाल असा फुगला होता की आरशात भलताच माणूस दिसायचा. "असं तोंड घेऊन सोयऱ्यापुढं बसान काय?" बायको म्हणाली आणि तिनं वाशीमच्या डॉक्टरकडे नंबर लावला. मी गुपचूप फोन करून तो रद्द करीन म्हणून माझा मोबाईलही स्वतःच्या पर्समध्ये टाकला. (सुनंदा मला ओळखते.)

शेलूबाजारहून जीप भरल्याशिवाय सुटत नाही. त्या दिवशी मला हा नियम फार मायाळू वाटला. सुनंदा पुढे ड्रायव्हरजवळ बसली, मी मागे. कडुनिंबाची गार सावली, मंद वारा, आणि काय नवल, दाढ दुखायचीच थांबली! इतक्यात एक म्हातारी आली. मी उतरून तिला जागा दिली. दुसरी जागा मिळाली, ती एका लेकुरवाळीला दिली. मग एक धडधाकट पैलवान आला.

"बसा भाऊ, थकले असान," मी म्हणालो.

"सर, मंग तुमी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मी मांगं लटकतो."

लटकणारच होतो. पण मी पडलो चित्रकलेचा मास्तर. ढग दिसले की मान वर जाते. ढगांकडे बघता बघता माझी दाढ आपोआप गळून पडली, डॉक्टरांनी हात जोडले, साक्षगंधात मी कडक बुंदीचे लाडू फोडू लागलो. मान खाली आली तेव्हा समोर नुसती धूळ होती. वाईट वाटून घ्यायचा मी बराच प्रयत्न केला.

संध्याकाळी सुनंदा परतली. तोंडात कापसाचा बोळा, उजवा गाल टम्म.

"हे काय?"

"आपला नंबर आला. खुर्ची खाली होती." तिनं बोळा सावरला. "माहीबी दाढ कधीची दुखून राह्यली होती. तुमच्या कन्हण्यात कोनाले ऐकू येते?"

मला खरोखर लाज वाटली. "भेव नाई वाटलं?"

"वाटलं ना. मांगं पाह्यलं, त तुमी नव्हते."

साक्षगंधाच्या फोटोत आम्ही शेजारी शेजारी आहोत, माझा डावा गाल आणि तिचा उजवा. तो पाहून व्याही खुशीत म्हणाले, "दोघायचे गाल कसे भरले, घर खातंपितं दिसते."

त्यातला एकच गाल कमावलेला आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.